मुठीच्या आतलं नाव

रहेमानभाईंना या प्रकरणात काय मिळणार होतं, ते आधी मांडून घेऊ, म्हणजे मागून कुणी त्यांना भोळा म्हणायला नको. फुलसिंगच्या आज्याचं नाव वाचलं असतं, तर तलवार रहेमानभाईंची. देवीलालच्या आज्याचं नाव वाचलं असतं, तरी तलवार त्यांचीच. आणि मुठीच्या आतल्या दांड्यावर जे होतं तेच वाचलं, तर तलवार नाही, काहीच नाही. झालंच तर बंजाऱ्यांच्या तांड्यावर एक वेळचं जेवण, तेही लोकांचं डोकं ठिकाणावर राहिलं तर. इतका सोपा हिशेब दारव्ह्याच्या बाजारात फुटाणे विकणाराही चुकला नसता.

रहेमानभाईंचं दारव्ह्याला भांड्यांचं दुकान. भांडी सगळेच विकतात. रहेमानभाई नावं घालतात. लग्नातल्या ताटावर 'मामांकडून सप्रेम', कळशीवर 'कै. अमुक यांच्या स्मरणार्थ', हंड्याच्या गळ्यावर घरधन्याचं नाव आणि गाव. छिन्नी आणि लहान हातोडी, ठिपक्याला ठिपका लावत. अलीकडे बसस्टँडजवळ एकाने मशीन आणलं आहे. घर्रर्र करून तो तेवढ्यात दहा ताटं काढतो आणि अक्षर असं येतं की भांडं चोरीला गेलं तर चोरालाही आपलंच वाटावं.

बारा-तेरा वर्षांपूर्वी एका निवृत्त सुभेदाराच्या घरून पितळेची मोड आली. फुटके गुंड, समया, आणि त्यात एक तलवार, वजनात धरायची म्हणून. मूठ ढिली होती, हातात निघून आली. मुठीच्या आतल्या लोखंडी दांड्यावर छिन्नीने घातलेली अक्षरं. जपानी. ब्रह्मदेशच्या लढाईत शरण आलेल्या जपानी साहेबाची असणार, असं मागून कळलं. पण रहेमानभाईंना लढाईशी काही घेणं नव्हतं. त्यांना एकच गोष्ट खात बसली. आपण नाव घालतो ते चारचौघांनी वाचावं म्हणून. हा कोण माणूस, ज्याने इतकं निगुतीनं नाव घातलं आणि वर मूठ चढवून झाकून टाकलं?

तिथून नाद लागला. मोबाइलवर शोधून, अक्षरांचे तक्ते छापून आणून, ते वाचायला शिकले. दांड्यावर पतंगाचा कागद ठेवायचा, वरून काळा मेणखडू फिरवायचा, की अक्षर पांढरं उठतं. त्यांना जपानी येत नाही. जपानात सोडलं तर चहासुद्धा मागता येणार नाही. पण दांड्यावर लिहितात तेवढं येतं: प्रांत, 'राहणार', गाव, घडवणाऱ्याचं नाव, आणि मागच्या बाजूला साल-महिना. महिना बहुधा दुसरा, नाहीतर आठवा. सातबारा वाचता येणाऱ्याला कादंबरी वाचता आली पाहिजे असं थोडंच आहे.

मोडीतल्या तलवारीला पुढे नागपूरची एक आणि अमरावतीची एक अशा दोन सोबतिणी आल्या. वकिलाकडून तिघींचे कागद करून घेतले. त्यांची बायको जुबैदा त्यांना 'माझ्या सवती' म्हणायची. ती तांदूळ निवडत बसे आणि रहेमानभाई समोर दांडा धरून मोठ्याने वाचत. प्रांत हा. राहणार हे. नाव अमुक. वाचून संपलं की तिचा एकच प्रश्न ठरलेला असे: "आणि त्याच्या बायकोचं नाव कुठंय?" रहेमानभाई म्हणत, "घालत नव्हते." ती म्हणे, "तिकडंपण?"

गेल्या थंडीत जुबैदा गेली.

रहेमानभाई रडले नाहीत. नातेवाइकांनी त्याचे दोन अर्थ लावले, दोन्ही चुकीचे. लोक येत होते, त्यांना चहा दिला जात होता. मग लोक यायचे थांबले, दुकान उघडलं. गिऱ्हाइकाने सांगितलं ते नाव रहेमानभाई घालत होते आणि चुकत नव्हते. एकदा नोकराने चहात साखर घालायची विसरून दुसऱ्या दिवशी माफी मागितली. रहेमानभाईंना ते कळलंच नव्हतं. मुलगी झेबा पुण्याच्या सासरहून रोज फोन करी.

"अब्बू, जेवलात?"

"जेवलो."

खोटं नव्हतं. काय जेवलो हे मात्र सांगता आलं नसतं.

"अब्बू, त्या तलवारी घरात नका ठेवू. दिवस कसे आहेत बघताय ना?"

"कागद आहेत, बेटा."

"कागद मागाहून बघतात, अब्बू."

रहेमानभाईंना भीतीही वाटत नव्हती. एक गोष्ट मात्र उरली होती, आणि ती होती फुलसिंगच्या तांड्यावरची तलवार. काही वर्षांपूर्वी तिथल्या एका लग्नाला नवराबायको गेले होते. नवरदेवाच्या हातात तलवार, टोकावर लिंबू खोचलेलं. लिंबाखाली धारेच्या कडेने धुक्यासारखी पांढुरकी रेघ गेलेली. पाणी दिल्याची रेघ. अशी रेघ नव्या मालाला नसते. जुबैदाने कोपर मारलं होतं, "नवरीकडं बघा जरा." आणि जीपमध्ये बसल्यावर म्हणाली होती, "आणा चवथी. तिघी भांडत नाहीत, चवथीनं काय होते?" ती तलवार आपली व्हावी, तिचा दांडा बघावा, एवढंच अजून रहेमानभाईंना हवंसं वाटत होतं. माणसाला काहीतरी हवं असलं की तो सकाळी उठतो. ते उठत होते.

अशात, लगीनसराईच्या तोंडावर, फुलसिंग स्वतःच दुकानात आला. पन्नाशीचा, गळ्यात उपरणं, आल्या आल्या हंडा वाजवून बघणारा.

"राम राम, रहेमानभाई."

"या फुलसिंगभाऊ. बादलच्या लग्नाचे भांडे?"

"भांडे घेऊच. पोराचं लगन काय बिनाभांड्याचं करतो? पन पहिले एक काम हाय. तुमी तलवारीचं वाचता म्हन्ते."

"वाचतो."

"मंग आमची वाचून द्या. मुठीच्या आत नाव हाय. आमच्या आज्याचं. किसनसिंग."

"आत नाव असते, भाऊ. पण ते..."

"पन-बिन काही नाही. सरकारनं देल्ली वस्तू हाय. नाव घातल्याबिगर देईन काय? तुमी सांगा, तुमी लगनातलं ताट बिनानावाचं देता?"

रहेमानभाईंकडे याला उत्तर होतं. ते नाव घडवणाऱ्याचं असतं, घेणाऱ्याचं नाही, एवढं एक वाक्य. ते त्यांनी गिळलं. बोलले असते तर मूठ उघडायची कुणाला गरजच उरली नसती.

भांडण काय ते फुलसिंगने सांगितलं. किसनसिंग आणि थावरसिंग हे दोन भाऊ. पिढ्यान्‌पिढ्या बैलांवर माल वाहणाऱ्या घरातले म्हणून इंग्रजाने दोघांनाही खच्चरांच्या पलटणीत घेतलं आणि ब्रह्मदेशात नेलं. परत आले तेव्हा दोघांत मिळून एक तलवार. गोऱ्या साहेबाने दिली म्हणत. कुणाला दिली, हे दोघंही न सांगता मेले. तलवार थोरल्याकडे, म्हणजे फुलसिंगच्या घरी राहिली. तांड्यावरचा प्रत्येक नवरदेव तीच हातात धरतो आणि ज्या घरची तलवार, त्या घरच्या कर्त्याला मांडवात पहिला फेटा. आता धाकट्याचा नातू देवीलाल म्हणत होता की तलवार थावरसिंगची. नाव वाचून फैसला होत नाही तोवर बादलच्या मांडवात तो आणि त्याच्या बाजूचा अर्धा तांडा पाय ठेवणार नव्हता.

"आज्याचं नाव निंगालं का," फुलसिंग हळू आवाजात म्हणाला, "लगन झाल्यावर तलवार तुमची."

"आन् मंग फेटा?"

"फेटा लोखंडाचा नसते, रहेमानभाई, घराचा असते. एकदा का घर ठरलं, नागपूरहून नवी आनतो. चकाचक."

पुढच्या बाजाराला देवीलाल आला. तरुण, मोटरसायकलची किल्ली बोटात फिरवणारा. त्याने हंडा वाजवला नाही, सरळ मुद्द्यावर आला.

"काका, फुलसिंगदादानं काय कबूल केलं ते मले मालूम हाय. तेच माहं. फक्त नाव थावरसिंग. लिहून देऊ काय, इसरान गिसरान त?"

"जे असन ते वाचीन," रहेमानभाई म्हणाले.

"व्हय व्हय, तेच म्हन्तो मी. थावरसिंगच असन."

दोघांनाही त्यांनी नाही म्हटलं नाही. हेही मांडून ठेवायला हवं. जीपमध्ये बसून निघाले तेव्हा खोटं बोलायचं त्यांच्या मनात होतं की नव्हतं, हे त्यांना विचारून उपयोग नाही. त्यांच्या मनात त्या दिवसांत फारसं काही नसेच. पिशवीत मात्र मूठ काढायला लागणारं सगळं होतं: लहान हातोडी, पितळी खिळा, पतंगाचा कागद, मेणखडू. छिन्न्या पिशवीतून कधी काढलेल्याच नसायच्या.

तांड्यावर दुपारी माणसं जमली होती. फुलसिंगची माणसं ओट्यावर, देवीलालची समोरच्या पत्र्याखाली, मधे ऊन. फुलसिंगची आई धनीबाई आतून तलवार घेऊन आली. हातभर बांगड्या, पाठ वाकलेली, पण तलवार मात्र लेकरासारखी दोन्ही हातांवर आडवी धरलेली. मुठीला लाल कापड, त्यावर जरीची किनार, वर कुंकू. दर दसऱ्याला तीच हिला खोबरेल लावायची.

"हात धुतले काय रे?"

"धुतो, याडी," रहेमानभाई म्हणाले. तांड्यावर आईला याडी म्हणतात, हे त्यांना माहीत होतं.

हात धुऊन, पुसून ते खाटेवर बसले. कापड सोडलं. मूठ आणि आतला दांडा यांतून आरपार बांबूची खुंटी असते. ती पितळी खिळ्याने ठोकून काढली. मग तलवार एका हातात उभी धरून दुसऱ्या हाताची मूठ मनगटावर आपटली. बाया दचकल्या. पुन्हा आपटली. दांडा कुरकुरला आणि मूठ सुटली.

दांडा जुन्या चिंचेसारखा काळा होता. रहेमानभाईंनी कागद ठेवला, खडू फिरवला. अक्षरं एकामागून एक पांढरी उठली. छिन्नी कुठे टेकवली, कुठून कुठे ओढली, सगळं दिसत होतं. पहिल्या अक्षरालाच त्यांना कळलं की हे नव्या कारखान्यातलं नाही. आणि ते वाचू लागले. मोठ्याने, सावकाश, घरी वाचत तसं.

"प्रांत बिझेन. राहणार ओसाफुने. नाव सुकेसादा." दांडा उलटा केला, दुसरा कागद लावला. "एशो म्हणून साल आहे, त्याचं दहावं. आठवा महिना. म्हणजे आपलं पंधराशे तेरा."

आणि थांबले. वाचून झाल्यावर जो प्रश्न यायचा त्यासाठी थांबले. तो आला नाही. त्यांनी मान वर केली तर समोर सगळा तांडा.

दारव्ह्यात यावर बरीच चर्चा झाली. कुणी म्हणालं ईमानदार माणूस, कुणी म्हणालं अल्लाला घाबरला. कुणाला इतकं साधं सुचलं नाही की माणसाला सवय असते. खोटं बोलायचं असेल तर आधी मनात वाचावं लागतं, आणि रहेमानभाईंनी दांडा मनात कधी वाचलाच नव्हता.

पहिला देवीलाल हसला. "घ्या! तिसराच वारस निंगाला!"

"कोन हा सुकेसादा?" फुलसिंगचा आवाज चढला. "कोन्या तांड्याचा?"

"बनवणारा आहे, भाऊ. लोहार. घडवली त्याने आपलं नाव घातलं."

"आन् गाव घातलं? घेनाऱ्याचं नाव सोडून सोताचा पत्ता?" फुलसिंगने विचारलं. पत्र्याखालून कुणीतरी म्हणालं, "पिन कोड हाय काय पाहा बरं!"

हशा पिकला. दोन्ही बाजू एकदम हसल्या. बऱ्याच दिवसांत तांड्यावर असं झालं नव्हतं. त्या हशातच रहेमानभाईंच्या ध्यानात आलं की आपण काय केलं. त्यांनी एक प्रयत्न केला, तोही नीट विचार करून.

"मी सांगतो तसं करा. ही मले द्या. नवी तलवार माह्या खर्चानं आणतो, तिच्यावर दोन्ही आज्यायची नावं घालून देतो. तुमचं भांडणही मिटलं."

फुलसिंगने दाढी खाजवली. त्याला ते पटत होतं. देवीलालला मात्र शंका आली.

"थांबा. पंधराशे म्हनले ना? म्हंजे शिवाजीराजाच्याही आधीची. आन् काका लोखंडाच्या बदल्यात लोखंड, वरून खर्च सोताचा करून राह्यले. काहून?"

वय रहेमानभाईंनी स्वतःच मोठ्याने सांगितलं होतं. सकाळपर्यंत ती तांड्याची एक जुनी तलवार होती. आता पाचशे वर्षांची झाली होती.

"पाचशे वर्साचा देव कोनी देते काय घरातून?" धनीबाई म्हणाली. मग दोघांकडे आळीपाळीने बघून म्हणाली, "आन् तुमी कायले भांडून राह्यले? नवं भांडं घेतलं का त्याच्यावर नाव घालतो ना आपन? याच्यावर आपलं नाव नाही म्हन्ते हा. मंग घाला. एका बाजूनं किसनसिंग, दुसऱ्या बाजूनं थावरसिंग. एक साल या घरी, एक साल त्या घरी. नाव घालनारा त समोरच बसला हाय."

दोन्हीकडून होकार आला. इतका बिनतोड निवाडा तांड्याच्या नायकालाही सुचला नसता.

"याडी, हे नका करू," रहेमानभाई म्हणाले. "या दांड्याले कोणी हात लावत नाही. तिकडं याचा गंजसुद्धा पुसत नाहीत. सारी किंमत त्या गंजाले आहे."

"गंजाले किंमत?" देवीलाल म्हणाला. "मंग माह्या वावरातला गंजलेला डवरा पाहा, काका. त्याच्यावर दोन बंगले व्हतीन."

पुन्हा हशा.

"मी नाही घालत."

"नका घालू," फुलसिंग शांतपणे म्हणाला. त्याला राग नव्हता. लगन वाचत होतं, एवढंच त्याला कळत होतं. "तो बसस्टँडचा मशीनवाला हाय ना. उद्या नेतो."

रहेमानभाईंनी दांड्याकडे बघितलं. मशीनवाला कुठून सुरू करील ते त्यांना दिसत होतं. ज्याला अक्षर आहे हेच दिसत नाही, तो सुकेसादाच्या मधोमध सुई टेकवणार. टोकाकडे, सहीच्या खाली, दोन बोटं जागा मोकळी होती.

त्यांनी पिशवीतून छिन्नी काढली.

पात्याला पाणी दिलेलं असतं, दांड्याला नसतं. तो मऊ राहतो, म्हणून त्यावर नाव घालता येतं. पाचशे वर्षांपूर्वी ज्याला हे माहीत होतं, त्याच्या पुढ्यात बसून रहेमानभाईंनी 'कि' घातला. काळ्या गंजातून खालचं लोखंड पांढरं चमकलं. मग 'स', मग 'न'. ठिपक्याला ठिपका. माणसं वाकून बघत होती. एकाने मोबाइलवर शूटिंग केलं. दुसऱ्या बाजूला 'थावरसिंग' जरा दाटीने बसवावं लागलं, तरी काना कुठे वाकडा गेला नाही. आपल्याला आत काहीतरी होईल असं त्यांना वाटलं होतं. मधे एकदा छिन्नी उचलून त्यांनी वाटही बघितली.

"सुंदर अक्षर हाय," फुलसिंग म्हणाला.

"बायांचं नाव काही घालत नाही तुमी लोकं," धनीबाई म्हणाली. कुणी ऐकलं नाही. रहेमानभाईंनी ऐकलं. त्यांनी मूठ चढवली, खुंटी बसवली आणि तलवार तिच्या हातांवर ठेवली.

जेवण झालं. चांगलं होतं म्हणतात.

बादलचं लग्न थाटात झालं. पहिला फेटा एकाच वेळी दोघांना बांधला, दोन माणसांनी, तालात. त्यानंतर रहेमानभाईंना मुकुटबनहून एका ओळखीच्याने फोटो पाठवला: विहिरीच्या कामात एक तलवार सापडली, बघा जपानी आहे काय. फोटोत दांडा उघडा होता, अक्षरंही होती. रहेमानभाईंनी फोटो मोठा करून बघितला नाही. 'पाहतो' लिहिलं आणि मोबाइल गल्ल्यावर उपडा ठेवला. झेबाने रात्री विचारलं, अब्बू, त्या तांड्यावरच्या तलवारीचं वाईट वाटतं का? त्यांनी थोडा वेळ खरंच तपासून बघितलं. नाही म्हणाले. मग म्हणाले, घरातल्या त्या तिघींचं तुझ्या नवऱ्याला काय करायचं ते करू दे.

तेव्हा कुणी काय भरलं ते असं. फुलसिंगने अर्धा फेटा भरला. देवीलालने काहीच भरलं नाही. त्याच्याकडे आधी होतंच काय. सुकेसादाचं नाव जिथल्या तिथे आहे, फक्त शेजार वाढला. धनीबाईने मात्र बोलताना एक खर्च धरला नव्हता. ठरल्याप्रमाणे या दसऱ्याला तलवार देवीलालकडे गेली, तिला खोबरेल त्याच्या बायकोने लावलं, आणि म्हातारी रिकाम्या कोनाड्यासमोर तेलाची वाटी घेऊन बसून राहिली. बाकीचं सगळं, सकाळी उठायचं कारण धरून, रहेमानभाईंनी भरलं.